स्लीप, हायबरनेट आणि आमच्याकडचा करंट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींना तुम्ही पॉवर सेव्हिंग हे एकच नाव दिलंय. म्हणजे बघा, संकेश्वरहून बसनं बेळगावला कॉलेजला येता, निघताना नवा लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत टाकला तेव्हा बॅटरी ८२ होती आणि तास-सव्वा तासानं वर्गात उघडला तर ५१, वर खालून हात लावू देईना एवढा गरम. दुसरं, घरी वडिलांचा जुना डेस्कटॉप, खताच्या दुकानाचा हिशोब त्यावर चालतो, तो स्लीपला टाकला आणि मध्ये करंट गेला की उघडलेलं सगळं जातंय, म्हणून वडील आता तो रात्रंदिवस चालूच ठेवतात. तिसरं, बॅटरी वाचावी म्हणून पॉवर सेव्हर लावला तर मशीन बैलगाडीगत चालायलंय. आणि मित्र म्हणतोय हे सगळं बंद कर, हाय परफॉर्मन्सवर टाक, कटकटच नको. तर तसं करू का, असं विचारलंय.

करू नका. पण मित्राला हसू पण नका, कारण मी स्वतः चार-पाच वर्षं तेच केलंय. बेळगावातल्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा-अठरा वर्षं झाली, सुरुवातीला फॉरमॅटला आलेलं प्रत्येक मशीन मी हाय परफॉर्मन्स, स्लीप नेव्हर, डिस्क नेव्हर असं करून द्यायचो. गिऱ्हाईक खूश, परत तक्रार घेऊन येत नाही. आला तर वर्षानं येतो, पंखा घरघरतोय म्हणून, तोपर्यंत कुणाला आठवतंय. नंतर हळूहळू लक्षात आलं की ही सेटिंगं मी मशीनकडं बघून लावत होतो आणि खरं बघायला पाहिजे घरातल्या करंटकडं. पुण्या-बेंगळुरातल्या माणसानं व्हिडिओत सांगितलेलं त्याच्या घरी बरोबरच असतंय, त्याच्या बिल्डिंगला जनरेटर आहे. आपल्याकडं वळवाच्या दिवसात दुपारी चारला ढग आले की लोक आधी मोबाईल चार्जिंगला लावतात, ह्यावरनं काय ते समजा.

आता काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत, त्या मला इथनं दिसत नाहीत. लॅपटॉप कुठल्या जातीची झोप घेतो, डेस्कटॉपला यूपीएस आहे का, घरात इन्व्हर्टर आहे का आणि असला तर त्याची लाईन कॉम्प्युटरच्या बोर्डला ओढलीय का नुसती पंखा-ट्यूबला. ते मी सांगत सांगत विचारतो.

आधी झोपेचे प्रकार, वडिलांच्या दुकानावरनंच सांगतो. साधं स्लीप म्हणजे दुपारी शटर अर्धं ओढून जेवायला जाणं. वही गादीवर तशीच उघडी, पेन तिथंच, आल्याबरोबर काम सुरू. पण वही उघडी आहे म्हणजे कुणीतरी राखायला पाहिजे, आणि कॉम्प्युटरमध्ये ती राखण रॅमला, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या आठवणीला, मिळणारा थोडासा करंट करतो. करंट गेला, वही गेली. हायबरनेट म्हणजे वहीचं पान आहे तसं कपाटात, म्हणजे डिस्कवर, घालून कुलूप लावून घरी जाणं, करंटची गरज नाही, परत आल्यावर कपाट उघडायला थोडा वेळ लागतो एवढंच. हायब्रीड स्लीप म्हणजे वही गादीवर पण आणि तिची नक्कल कपाटात पण. आणि चौथा प्रकार तुमच्या नव्या लॅपटॉपमध्ये असणार असा माझा नव्वद टक्के अंदाज आहे, त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. शटर पूर्ण ओढलंय, बाहेरनं बघणाऱ्याला दुकान बंद, पण आत पोरगं बसलंय, फोन घेतंय, मेल बघतंय, अपडेट उतरवून घेतंय. मोबाईल खिशात असताना करतो तसंच. मोबाईलचा चिप त्यासाठीच बनवलेला असतो म्हणून चालून जातंय, लॅपटॉपमध्ये एखादा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, किंवा दुसरा कुठला प्रोग्राम हट्टी निघाला की आतलं पोरगं सगळे दिवे लावून बसतंय. बॅग गरम झाली ती त्यानं.

हे एकदम आलेलं नाही. झोपेच्या ह्या पायऱ्या ठरवणारा एसीपीआय नावाचा नियम १९९६ सालचा, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं मिळून काढलेला, त्यात साध्या स्लीपला एस थ्री आणि हायबरनेटला एस फोर असं नाव आहे. मग २०१२ ला विंडोज ८ बरोबर मोबाईलसारखी झोप आली, विंडोज १० मध्ये तिचं नाव मॉडर्न स्टँडबाय झालं, आणि आता बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस थ्री ठेवतच नाहीत. म्हणून तुमच्या आधीच्या, म्हणजे दादाच्या जुन्या लॅपटॉपला हा त्रास नव्हता असं जे लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, तुमचा भास नाही.

तुमचा कुठला आहे ते बघायला पैसे लागत नाहीत. स्टार्ट दाबून सी एम डी टाईप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात पॉवरसीएफजी असं इंग्रजीत सगळं जोडून लिहा, पॉवरचं स्पेलिंग आणि पुढं सी एफ जी, मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवर असते ती तिरकी रेघ, तिला चिकटून ए, आणि एंटर. दोन यादी येतात. वरची यादी मशीनला जमणाऱ्या झोपांची, खालची न जमणाऱ्यांची, आणि खालच्या प्रत्येकीपुढं का जमत नाही ते पण लिहिलेलं असतंय, ते लोक वाचतच नाहीत. वरच्या यादीत एस थ्री दिसलं तर जुनी झोप. एस झिरो लो पॉवर आयडल असं दिसलं तर आतलं पोरगं जागं असणारी. हीच कमांड घरी डेस्कटॉपवर पण चालवा, तिथं मला हायब्रीड स्लीप वर आहे का खाली एवढंच बघायचंय, का ते पुढं येतंय.

लॅपटॉपचा उपाय सोपा आहे. झाकण मिटलं की स्लीप नको, हायबरनेट. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला झाकण मिटल्यावर काय करायचं अशी ओळ आहे, तिथं बॅटरीवर आणि चार्जरवर असे दोन रकाने. बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा, चार्जरच्या रकान्यात स्लीप राहू दे, घरात टेबलावर चार्जिंगला असताना पटकन उघडायला बरं पडतंय. यादीत हायबरनेट दिसलंच नाही तर सी एम डी वर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ एच, स्पेस, ऑन असं लिहा. आता वर्गात झाकण मिटलं की स्क्रीन जाईल पण बारीक दिवा आणि पंखा अजून थोडा वेळ चालेल, रॅममधलं डिस्कवर उतरवून घेतोय तो. तेवढा वेळ थांबा. तास संपला की पोरं लगेच मशीन बॅगेत कोंबतात, तसं करू नका, पंखा थांबल्याचं कानानं ऐका आणि मग चेन लावा. संकेश्वरला पोचल्यावर उघडाल तेव्हा निघतानाचाच आकडा दिसेल, फार तर एखादा टक्का इकडंतिकडं.

ह्यावर दोन शंका हमखास येतात. एक, रोज एवढं लिहून एसएसडी, म्हणजे नव्या जातीची न फिरणारी डिस्क, खराब होत नाही का. हिशोब करू. ८ जीबी रॅम आहे असं धरा, हायबरनेट करताना विंडोज ते दाबून लहान करून लिहितो, तरी एका वेळी ४ जीबी धरू, दिवसाला दोनदा म्हणजे ८ जीबी, वर्षाला ३ टीबीच्या आत. साध्या २५६ जीबीच्या एसएसडीला पण कंपन्या सहसा ऐंशी-शंभर टीबी तरी लिहायची हमी देतात. तोपर्यंत तुमचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं होऊन जाईल. दुसरी शंका, नेटवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत, एक आकडा बदलून जुनं एस थ्री परत आणायची युक्ती मिळते, ती करू का. ज्या मशीनच्या बायॉसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्येच, एस थ्री नाही तिथं रजिस्ट्रीत काही लिहिलं म्हणून ते उगवत नाही, उलट झोपलेलं मशीन उठतच नाही आणि पॉवर बटण दाबून धरून मारावं लागतं. असे तीन-चार लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेलेत, मालक म्हणतो मदरबोर्ड गेला, आणि आम्ही तो आकडा पुसून परत देतो.

रात्रीच्या वेळी घरात स्लीपवरच ठेवायचा असेल आणि बॅटरी कुठं जातेय ते बघायचं असेल तर त्याच अ‍ॅडमिन खिडकीत पॉवरसीएफजी पुढं तिरकी रेघ आणि स्लीपस्टडी असं जोडून लिहा. एक फाईल तयार होते, ब्राउझरमध्ये उघडते, मागच्या काही दिवसांत मशीन कधी झोपलं, किती टक्के खाल्लं आणि कुणी जागं ठेवलं ते नावानिशी येतं. माझ्याकडं आलेल्यांत जास्त वेळा वायफायचं कार्ड किंवा ब्लूटूथच निघालंय, ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरनं नवा टाकला की बरंच शांत होतं. आणि एक माझी सवय सांगतो, चार्जर आधी काढायचा, मग झाकण मिटायचं. उलट केलं तर काही मशीनं चार्जर आहे असंच समजून झोपेत मोकळी वागतात.

आता डेस्कटॉप. इथं माझीच एक चूक सांगतो. खडेबाजारच्या मागं एका गल्लीत एक डीटीपीवाला आहे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर असली कामं. पत्रिकेत वर मराठी, खाली कन्नड, दोन्हीकडचे पाहुणे असतात ना. त्याच्या मशीनला १२० जीबीची एसएसडी बसवून दिली होती आणि सी ड्राईव्हला जागा कमी पडू नये म्हणून मीच पॉवरसीएफजीनं हायबरनेट बंद केलं होतं. हायबरनेटची फाईल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा धरून बसते, ८ जीबी रॅमला तीनेक जीबी, ते वाचवलं म्हणून मी खूश. लग्नसराईत एका दुपारी तो पत्रिका अर्धी टाईप करून जेवायला गेला, मशीन आपोआप स्लीपला गेलं, मध्ये करंट गेला आला, पाच मिनिटं पण नाही. येऊन बघतो तर मशीन नव्यानं सुरू होतंय, पत्रिका सेव्ह केलेली नाही, आणि नवरीचे वडील समोर बसलेत. त्यानं मला शिव्या दिल्या नाहीत. फोन करून बोलावलं, शेजारी बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत कन्नडमधली मामा-काका-अज्जांची नावं मला वाचून दाखवायला लावली, तो नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करत होता. एकोणतीस नावं होती.

तर तुमच्या वडिलांच्या मशीनवर पण असंच कुणीतरी, बहुतेक माझ्यासारख्याच एखाद्या दुरुस्तीवाल्यानं, जागा वाचवायला हायबरनेट बंद केलेलं असणार. डेस्कटॉपवर विंडोज सहसा हायब्रीड स्लीप स्वतःहून चालू ठेवतं, म्हणजे झोपताना नक्कल कपाटात जातेच. करंट गेला नाही तर रॅममधनं झटक्यात उठतं, गेला तर डिस्कवरनं उठतं, थोडं हळू, पण सगळं जागेवर. पण हायबरनेट बंद केलं की कपाटच काढून टाकलं, मग हायब्रीड कुठनं होणार, नुसती उघडी वही राहते. म्हणून मी ती कमांड डेस्कटॉपवर चालवायला सांगितली. हायब्रीड स्लीप खालच्या यादीत असेल आणि कारण म्हणून हायबरनेशन नाही असं लिहिलं असेल तर वरचीच एच ऑनची कमांड, मग पॉवर ऑप्शन्समध्ये प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली अलाव हायब्रीड स्लीप ऑन. मग खात्री करा, नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा, सेव्ह करू नका, स्लीपला टाका, दिवा लुकलुकायला लागला की अर्धा मिनिट थांबून भिंतीवरचं बटण बंद करा. परत चालू करून मशीन सुरू करा. ओळी दिसल्या तर जमलं. हे वडिलांसमोर करा, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल, नाहीतर ते चालूच ठेवणार.

हायब्रीडनं झोपेतलं वाचतं, काम करत असताना करंट गेला तर नाही वाचत, त्याला यूपीएसच पाहिजे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जुन्या डेस्कटॉपला बॅटरी नवी असेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं देतो, दोन-अडीच वर्षांनी तीच बॅटरी दोन मिनिटांवर येते आणि लोक म्हणतात यूपीएस बिघडला. बॅटरी बदला, यूपीएस नको बदलायला. मागं यूएसबीची वायर असलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, ती जोडली की विंडोजला डेस्कटॉप पण लॅपटॉपसारखा बॅटरीवाला दिसतो आणि बॅटरी संपत आली की आपोआप हायबरनेट हो असं सांगता येतं, जवळ कुणी नसलं तरी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागं बघा, बऱ्याचदा इको आणि यूपीएस असं एक बटण असतं. इकोवर असेल तर करंट गेल्यावर बदली व्हायला क्षणभर उशीर होतो, पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसकडं करा. पण तुमच्याकडं पंपाला थ्री-फेज आली की घरातलं व्होल्टेज बसतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि यूपीएस मोडवर इन्व्हर्टर कमी व्होल्टेजला लवकर बॅटरीवर जातो, म्हणजे त्या तासांत बॅटरी सारखी वापरली जाणार. दोन्ही हातात लाडू नाही मिळत. मी असतो तर कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस घेतला असता आणि इन्व्हर्टर इकोवरच राहू दिला असता.

वडिलांना पटवायला बिल दाखवा. माझ्याकडं प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आहे, तुमच्यासारखा जुना डेस्कटॉप काही न करता नुसता बसला तरी ५० वॉट, मॉनिटर २०, असे ७० वॉट. रात्रीचे दहा तास धरले तर पाऊण युनिटाला थोडं कमी, महिन्याला २१ युनिट. स्लीपमध्ये तेच मशीन दोन-तीन वॉटवर येतं, महिन्याला एक युनिट पण होत नाही. आता कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती ही घरगुती वीज फुकट द्यायची सरकारी योजना आहे, पण २०० युनिट सगळ्यांना फुकट असा बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. २०२२-२३ सालातली तुमची महिन्याची सरासरी अधिक साधारण १० टक्के एवढंच फुकट. सरासरी १०० असेल तर ११०. त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडलं तर सगळंच बिल. म्हणजे १०५ वर चालणारं घर ह्या एका कॉम्प्युटरनं १२६ वर जातंय. आणि स्क्रीनवर मासे पोहतात म्हणून वीज वाचते असं नाही हो, स्क्रीनसेव्हर जुन्या डब्याच्या मॉनिटरला डाग पडू नये म्हणून होता, त्यात मॉनिटर पूर्ण चालूच असतो. स्क्रीन ५ मिनिटांनी बंद, मशीन २० मिनिटांनी स्लीप, डेस्कटॉपला एवढं बास.

तिसरा प्रश्न, बैलगाडी. पॉवर सेव्हर आणि स्लीप ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्लीप म्हणजे काम नसताना काय, पॉवर मोड म्हणजे काम करताना किती जोर लावायचा. बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर प्रोसेसर वेग वाढवायला का-कू करतो, हाय परफॉर्मन्सवर काम नसताना पण इंजिन रेस करून बसतो. बॅलन्स्ड म्हणजे आपलं स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या, काम आलं की वर, झालं की खाली, आणि हे तो सेकंदात कितीतरी वेळा करतो, तुमच्या-माझ्यापेक्षा बरं करतो. तेव्हा डेस्कटॉप बॅलन्स्डवर टाका आणि विसरून जा. लॅपटॉपवर तर मित्र म्हणतो तो हाय परफॉर्मन्स प्लॅन मॉडर्न स्टँडबाय असेल तर यादीत दिसणार पण नाही, तिथं सेटिंग्जमध्ये पॉवर अँड बॅटरीखाली तीन मोड असतात, मधला ठेवा. बसमध्ये नोट्सच वाचायच्या असतील तर एफिशियन्सी, प्रोजेक्ट कंपाईल करायचा असेल तर परफॉर्मन्स पण चार्जर लावून. बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज ११ मध्ये एनर्जी सेव्हर) वेगळा, तो बॅटरी बरीच खाली आली की आपोआप लागतो, मेल-सिंक थांबवतो, उजेड कमी करतो, तो कायमचा चालू ठेवला असेल तर काढा. आणि खरी बचत पाहिजे तर ब्राइटनेस खाली आणा. खिडकीजवळच्या बाकावर बसून ब्राइटनेस १०० वर आणि वर बॅटरी पुरत नाही, असं करणारे रोज बघतो.

तुमचा डेस्कटॉप बॅलन्स्डवर पण रखडत असेल तर मात्र तो दोष पॉवर सेटिंगचा नाही. जुनी फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर एसएसडी टाका, बाकी सगळे उपाय म्हणजे मलमपट्टी.

एक गंमत, कारण हे तुमच्याकडं पण होईल आणि मग वडील परत स्लीप बंद करतील. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका घरातनं फोन, रात्री दोन-अडीचला कॉम्प्युटर आपला आपण चालू होतोय, आजी घाबरल्यात, टेबलाला अंगारा लावलाय. मी जाऊन पॉवरसीएफजी तिरकी रेघ लास्टवेक केलं तर कारण आलं माऊस. काचेचं टेबल, लाल दिव्याचा माऊस, आणि रात्री मालगाडी गेली की टेबल बारीक थरथरतंय, मशीनला वाटतं कुणीतरी आलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली कॉम्प्युटरला उठवायची टिक काढली, कीबोर्डची राहू दिली, झालं. अंगारा मी पुसला नाही. तुमच्याकडं मालगाडी नसली तरी उंदीर-मांजर असतंय. माऊस नाही निघाला तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली वेक टायमर्स आहेत, ते डिसेबल करा, अपडेट रात्री मशीन उठवत असेल तर ते थांबेल.

वडिलांच्या मशीनला सही करायचा डिजिटल टोकन किंवा बोटाच्या ठशाचं यंत्र लावता का ते लिहिलं नाहीत. लावत असाल तर एक सेटिंग मात्र खुशाल बंद करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड. खानापूरकडच्या एका सेवा केंद्रातला मुलगा महिनाभर ठशाचं यंत्र बदलत होता, लाईनीत म्हाताऱ्या बायका उभ्या, आणि यंत्र मध्येच मरतंय. यंत्र चांगलं होतं, काम नाही बघून विंडोज त्या पोर्टला झोपवत होतं आणि ते परत नीट उठत नव्हतं. ह्यातनं वीज वाचते ती डेस्कटॉपवर नगण्य.

शेवटचं शट डाऊनबद्दल, कारण वडील कधीकधी शट डाऊन करतात तरी मशीन अडकतं असं लिहिलंय. विंडोज ८ पासून, हायबरनेट चालू असेल तर, फास्ट स्टार्टअप आहे, त्यात शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं, तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो आणि सकाळी तोच शिळा गाभा परत उठतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर सीपीयूखाली अप टाईम बघा, रोज बंद करून पण वीस-पंचवीस दिवस दिसतील. म्हणून आठवड्यातनं एकदा रीस्टार्ट करा, त्यात गाभा नवा सुरू होतो. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा. आणि ढग गडगडायला लागले की स्लीप नको, हायबरनेट करून भिंतीतनं पिनच काढा, नेटची वायर पण काढा. मागच्या वळवात माझ्याकडं एका दिवसात सहा मदरबोर्ड आले, त्यातले चार नेटच्या वायरीनं गेलेले, बटण तर बंदच होतं.

दोन्ही मशीनवर तिरकी रेघ आणि ए असलेल्या पहिल्या कमांडला वरच्या यादीत काय आलं ते फोटो काढून टाका, इन्व्हर्टरच्या पाठीचा पण एक फोटो टाका. लॅपटॉपला एस थ्री निघालं तर मग बॅग गरम व्हायचं कारण दुसरंच आहे, आणि बहुतेक झाकणाचं सेटिंग डू नथिंगवर असणार, ते आधी बघून घ्या.